वराडकर आपला, पण अर्धाच

दिवाळीत नाशिकला गेलो होतो. कॉलेज रोडला मामांकडे फराळ समोर आणि विषय आयर्लंडचा. "तुमच्या तिकडे आपला मराठी माणूस पंतप्रधान होऊन गेला की!" मामा खुशीत. लिओ वराडकर, वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. मी म्हटलं, "हो, आणि आपण गे आहोत हे त्याने मंत्री असतानाच रेडिओवर सांगितलं, २०१५ च्या जानेवारीत." मामा चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागले. मामीने विचारलं, "चहा टाकू का?"

मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तो म्हणाला, "दादा, निम्म्याहून जास्त देश तिशीच्या आतला आहे. जुनी पिढी सरली की समलिंगी लग्नाचा कायदाही येईल." मामांचा हिशोब वेगळा : "असे असून असून असतात किती? मूठभरांसाठी कायदे बदलायचे?"

मामांचा हा मुद्दा सुप्रीम कोर्टानेही एकदा मांडला होता. २०१३ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम कायम ठेवताना हा लोकसंख्येतला नगण्य हिस्सा आहे, असं निकालात म्हटलं होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी तो निकाल मोडीत काढला. हक्क डोकी मोजून द्यायचे नसतात. लग्नाचं प्रकरण मात्र २०२३ मध्ये कोर्टाने संसदेकडे टोलवलं, आणि संसदेत तर डोकीच मोजतात. म्हणून भावाचं म्हणणं अगदीच उडवून लावता येत नाही.

पण नुसतं वय धरलं तर युगांडाचं काय करायचं? तिथली निम्मी लोकसंख्या अठराच्या आतली, आणि २०२३ मध्ये त्यांनी समलैंगिकांसाठी काही बाबतीत थेट फाशीचा कायदा केला.

आयर्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हाच होते. २०१५ च्या मे महिन्यात सार्वमत झालं, ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला 'हो' म्हटलं. परदेशी गेलेल्या पोरांना टपालाने मत देता येत नव्हतं, म्हणून ती विमानं-बोटी पकडून आली. सगळं श्रेय त्यांनाच मिळतं. माझी तेव्हाची घरमालकीण सत्तरीची, रोज चर्चला जाणारी. तिच्या कोटावर 'यस'चा बिल्ला! भाच्याने त्याआधी सहा वर्षं तिच्याच स्वयंपाकघरात बसून आपण गे असल्याचं तिला सांगितलं होतं. "पहिले दोन महिने मी त्याच्याशी बोलले नाही," हेही तिनेच सांगितलं.

आपल्याकडे पोरगा पंचविशीचा झाला तरी हॉलमधल्या दिवाणावर झोपतो, फोनवर बोलायला गच्चीत जातो. तो कोणाला काय सांगणार? तरुण असणं वेगळं, बोलायची सोय असणं वेगळं.

रात्री भाऊ मला गाडीवरून सोडायला आला. गंगापूर रोडला सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं, "तुझ्या ओळखीत आहे का रे कोणी?"

"आहे ना. आपल्याकडे गणपतीला जेवायला होता तो." सिग्नल सुटला. "पप्पांना सांगू नकोस हं."