नोटीस नको, कारण सांगा

‘तुमच्या अर्जाची छाननी करताना कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होऊ शकतो.’ नोकरीच्या अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात एवढं एक वाक्य टाकलं की झालं कंपन्यांचं कायदा पाळून! मग रात्री दोनला नकाराचा ईमेल, तोही नो-रिप्लायवरून. विचारायचं कोणाला?

मी अमेरिकेत, इलिनॉय राज्यात राहते. अकाउंट्समध्ये बरीच वर्षं काढली, मध्ये मुलांसाठी घरी होते, वय पंचेचाळिशीच्या पुढे. यातलं नेमकं काय खुपलं? वय? मधली गॅप? पुण्याची डिग्री? माझे उच्चार? की आणखी काही? आई फोनवर विचारते, ‘‘अगं, पण ‘नाही’ का म्हणाले ते?’’ काय सांगू तिला? माणसाने नाकारलं की मशीनने, हेसुद्धा मला माहीत नाही. कर्ज नाकारलं तर इथली बँक कायद्याने कारण द्यायला बांधील आहे. नोकरी नाकारली तर काही नाही!

सगळ्यात जास्त संताप येतो तो त्या एकतर्फी व्हिडिओ मुलाखतींचा. स्क्रीनवर प्रश्न उमटतो, विचार करायला जेमतेम अर्धा मिनिट, की लाल ठिपका लागतो आणि कोपऱ्यात सेकंद उलटे पळायला लागतात. समोर स्वतःचाच चेहरा. मान डोलावणारं कोणी नाही, ‘म्हणजे तुम्ही नक्की काय केलंत?’ असं मध्येच विचारणारं कोणी नाही. पंधरा वर्षांचं काम त्या दोन मिनिटांत कोंबायचं. असे व्हिडिओ मशीन तपासणार असेल तर त्यासाठी इलिनॉयने खास कायदा केलाय, २०२० पासून लागू आहे. आधी कळवा, मशीन कसं चालतं आणि साधारण काय तपासतं ते समजावून सांगा, संमती घ्या, उमेदवाराने मागणी केली तर ३० दिवसांत व्हिडिओ पुसून टाका. वाचायला फार छान. पण संमती दिली नाही तर दुसऱ्या पद्धतीने मुलाखत घ्या, असं बंधन त्यात कुठेच नाही. घराचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस ‘नाही’ म्हणेल का? ही कसली संमती?

१ जानेवारी २०२६ पासून राज्याच्या मानवी हक्क कायद्यातली नवी दुरुस्ती लागू झाली. भरतीत एआयमुळे भेदभाव होता कामा नये, झिप कोडचा (इथला पिन कोड) आडमार्गाने त्यासाठी वापर नको, आणि एआय वापरत असाल तर कळवा. मी खूश झाले होते. पण कळवायचं म्हणजे तेच, वर लिहिलेलं एक वाक्य. कारण देण्याची सक्ती नाही. माझ्या झिप कोडचं त्यांनी आत काय केलं ते मला दिसणार कसं? भेदभाव झाला तर तक्रार करा म्हणतात. अहो, पण झाला हे मला कळायला नको? आंधळ्या कोशिंबिरीत माणसाला डोळ्यांवर पट्टी बांधून सोडायचं आणि वर म्हणायचं, पकड!

कोलोरॅडोने मे २०२४ मध्ये जो कायदा केला त्यात मला हवं होतं ते बरंचसं होतं. नोकरी, घर, कर्ज, विमा, उपचार, अशा ठिकाणी मशीनच्या मदतीने निर्णय तुमच्याविरुद्ध गेला तर मुख्य कारणं सांगायची, चुकीची माहिती दुरुस्त करायची संधी द्यायची, आणि शक्य असेल तिथे माणसाकडून फेरतपासणी. म्हटलं, आता बाकीची राज्यं हाच कित्ता गिरवतील. कसलं काय! लागू व्हायचा होता फेब्रुवारी २०२६ ला. ऑगस्ट २०२५ च्या खास अधिवेशनात तो जून २०२६ च्या अखेरवर ढकलला. व्हर्जिनियात असंच विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं, तर मार्च २०२५ मध्ये गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून मारलं.

वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारची तर वेगळीच तऱ्हा. एआयवर कायदे करण्यापासून राज्यांचे हात बांधायचा घाट घातला होता, जुलै २०२५ मध्ये सिनेटने तो ९९ विरुद्ध १ मतांनी उधळला. एवढं होऊनही डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला: राज्यांच्या एआय कायद्यांना कोर्टात आव्हान द्यायला न्याय खात्यात पथक उभं करा. कोलोरॅडोच्या कायद्याचा त्यात उल्लेख करून. म्हणजे केंद्र स्वतः संरक्षण देणार नाही आणि राज्य देईल तर त्याला कोर्टात खेचणार!

कंपन्या गळा काढतात, पन्नास राज्यांचे पन्नास कायदे पाळायचे कसे? पगारावरचा टॅक्स राज्याराज्यांत वेगळा, किमान वेतन वेगळं, ते सगळं बिनबोभाट पाळता ना? अकाउंट्सवाली आहे मी, तुमच्यासाठी ते हिशेब मीच केलेत. एका अर्जाचं कारण दोन ओळींत लिहिताना मात्र कंबर मोडते!

आणि हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात, भरतीचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या वर्कडे या कंपनीविरुद्ध वयावरून भेदभाव केल्याचा खटला चालू झालाय. अर्ज करून तास व्हायच्या आत, रात्री १:५० ला नकार आल्याचं फिर्यादीने सांगितलंय. कंपनी आरोप नाकारते. पण मे २०२५ मध्ये कोर्टाने चाळिशीपुढच्या इतर अर्जदारांनाही त्यात सामील होण्याची वाट मोकळी केली. आम्हाला कारण कळावं म्हणून खटलाच भरावा लागणार का दर वेळी?

आमच्या स्टेट रिप्रेझेंटेटिव्हना (इथल्या आमदारांना) मी पत्र लिहिलंय: नोटिशीसोबत कारण आणि माणसाकडे अपील, दोन्ही कायद्यात घाला. इलिनॉयमध्ये ज्यांनी अशा व्हिडिओ मुलाखती दिल्यात त्यांनीही लिहा, आणि तोवर निदान तो व्हिडिओ पुसून टाकायची लेखी मागणी करा. माझी मागणी कालच गेली.