लोरेटा लिनच्या गाण्यांतला नवरा

अमेरिकेतली कंट्री (तिथलं ग्रामीण लोकवळणाचं संगीत) गायिका लोरेटा लिनचा विषय निघाला की लोक लगेच तिला 'स्त्रीवादी बंडखोर' ठरवून मोकळे होतात. मला हे काही पटत नाही. बाईला स्वतःलाच ते बिरूद नको असायचं. राजकीय मतं म्हणाल तर 1988 मध्ये ती रिपब्लिकन पक्षाच्या थोरल्या बुशच्या प्रचारात उतरली होती. तिचं भांडण पुरुषजातीशी नव्हतंच, एका पुरुषाशी होतं. ऑलिव्हर लिन ऊर्फ डूलिटल, तिचा नवरा.

केंटकीतल्या बुचर हॉलोच्या कोळसा खाणकामगाराची ही मुलगी, आठ भावंडांतली दुसरी. लग्न 1948 मध्ये, 15व्या वर्षी. (आत्मचरित्रात 13 सांगितलंय. 2012 मध्ये कागदपत्रं बाहेर आली आणि घोळ उघडा पडला. वय चोरणाऱ्या कलावंतांची यादी केली तर उरेल कोण?) नवरा दारुडा, बाहेरख्याली. पण गिटार आणून देणारा आणि 'तू गा' म्हणून मागे लागणाराही तोच. 1960 मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा ती वाजवून घ्यायला दोघांनी गाडीतच झोपत रेडिओ स्टेशनं पालथी घातली. गाणं कंट्रीच्या यादीत 14व्या क्रमांकापर्यंत चढलं.

मग डेक्का कंपनी आणि निर्माता ओवेन ब्रॅडली. याच माणसाने गायिका पॅट्सी क्लाइनच्या आवाजामागे मखमली व्हायोलिनं लावली होती. लोरेटाच्या बाबतीत त्याने तो मोह आवरला, स्टील गिटार आणि तिचे डोंगराळ हेल तसेच राहू दिले. 'कोल मायनर्स डॉटर' या तिच्या बालपणावरच्या गाण्याची बरीच कडवी मात्र त्याने कापायला लावली. माझ्या मते बरं केलं. जे उरलंय त्यात ध्रुवपदच नाही, नुसतं सांगत जाणं आहे, मधेच पट्टी वर सरकते आणि गोष्ट पुढे जाते.

पण माझा जीव 'फिस्ट सिटी'वर (1968). नवऱ्यावर डोळा ठेवणाऱ्या बाईला सरळ हाणामारीचा दम! आणि आपला नवराही काही संत नाही, हे त्याच दमात कबूल.

'द पिल' या गर्भनिरोधक गोळीवरच्या गाण्याबद्दल सगळे बोलतात, म्हणून थोडक्यात. गाणं 1972 मध्ये रेकॉर्ड झालं, कंपनीने 1975 पर्यंत दाबून ठेवलं. आलं तेव्हा कित्येक स्टेशनांनी वाजवायला नकार दिला, तरी ते कंट्रीत 5व्या क्रमांकावर गेलं. गंमत म्हणजे गीतकारांत तिचं नावच नाही. पण सहा मुलांच्या आईने ते गायलं, त्यातल्या खोचक हसण्यावर हक्क तिचाच.

ऐंशीच्या दशकातल्या रेकॉर्ड्स मी सोडून देतो. त्या कुणीही गायल्या असत्या.

आणि मग 2004, वय 72, 'व्हॅन लिअर रोझ'. निर्माता रॉकवाला जॅक व्हाइट, सगळी गाणी तिने लिहिलेली किंवा लिहिण्यात तिचा हात असलेली. डू, म्हणजे डूलिटल, 1996 मध्येच गेला होता. तरी 'फॅमिली ट्री'त ही पोरांना घेऊन नवऱ्याच्या बाईच्या दारात जाऊन उभी राहते. आणि त्याच अल्बममध्ये पुढे 'मिस बीइंग मिसेस' येतं, नुसत्या गिटारवर, त्याच नवऱ्यावाचून एकटी पडलेली बाई. दोन्ही तितकीच खरी वाटतात. कंट्री रेडिओने हा अल्बम फारसा वाजवला नाही. ग्रॅमी मात्र दोन मिळाले.