मधली दोन रिळे

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात मनोरंजनाच्या माध्यमांवर एक धडा आहे. तो नुसत्या खडू-फळ्याने शिकवण्यासारखा नाही, असे मी एकदा शिक्षकखोलीत बोलून गेलो आणि मुख्याध्यापकांच्या ‘मग दाखवा की!’ या तीन शब्दांनी माझा अख्खा जुलै खाल्ला.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतो. तो १९१३ सालचा असल्यामुळे हक्कांची मुदतही कधीच संपली आहे (मुख्याध्यापकांनी एवढे मात्र दोनदा विचारून घेतले). परंतु आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी, डोंगराच्या पायथ्याशी असल्याने नेट येथे भरती-ओहोटीसारखे ये-जा करते. फरक इतकाच, की भरतीची वेळ आधी काढता येते. अखेर शनिवारी संध्याकाळी मी सड्यावर चढलो, एका हातात छत्री आणि दुसऱ्यात मोबाईल धरून करवंदीच्या जाळीपाशी दीड तास उभा राहिलो, आणि सत्यवचनी राजाला पेनड्राइव्हमध्ये घालून खाली उतरवले. वाटेत तिघांनी ‘सर, काय हरवला काय?’ अशी आपुलकीने चौकशी केली.

सोमवारी प्रोजेक्टर काढला, तर त्याच्या भिंगावर बुरशी. ती पुसली, खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या. मूकपट असल्यामुळे स्पीकर बिघडला असता तरी चालले असते. नेमका तोच ठणठणीत होता. त्या काळची नायट्रेटची फिल्म उष्ण, दमट हवेत कुजते आणि चटकन पेट घेते, म्हणून जुनी रिळे थंड, कोरड्या जागी जपावी लागतात, हे मी मुलांना समजावून सांगत होतो तो वर्ग इतका ओला होता की खडू फळ्यावर उमटत नव्हता.

चित्र सुरू झाले. माझा हुकमाचा पत्ता मी राखून ठेवला होता. तारामती पडद्यावर येताच मी थांबवून म्हणालो, ‘ही बाई नव्हे. एकही स्त्री तयार होईना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ही भूमिका केली.’ वर्ग थक्क होईल अशी माझी अपेक्षा होती. मागच्या बाकावरून शांतपणे उत्तर आले, ‘सर, आमच्या गावच्या नमनाच्या खेळात राधा आमचा काकाच होतो.’

त्यानंतर पाचव्या मिनिटाला वीज गेली. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, घोंगड्यांच्या मिट्ट अंधारात मी ओरडून सांगू लागलो की ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा चित्रपट लोकांसाठी लागला तेव्हा त्याची चार रिळे होती, आणि आज त्यांतले पहिले आणि शेवटचे एवढेच पाहायला मिळते. मधली दोन नाहीत.

‘सर,’ अंधारातून आवाज आला, ‘तवा पन लाईट गेल्ती काय?’

मी उत्तर जुळवण्याआधीच तास संपल्याची घंटा झाली. ती शिपाईमामा हाताने वाजवतात, त्यामुळे ती तेवढी वेळेवर होते.