लेसर कोणता होता, तेही सांगा

सेरियम ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांवरचा (स्फटिकात जिथे ऑक्सिजनचा अणू हवा, पण नसतो, अशा जागा) तुमचा लेख आवडला, पण एका वाक्यावर अडलो. ‘रामन वर्णपटात (नमुन्यावर लेसर टाकल्यावर विखुरलेल्या प्रकाशाची ऊर्जा किती बदलली, त्याचा आलेख) ५५० ते ६०० प्रति सेंमीचा पट्टा जितका ठळक, तितक्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा जास्त’, हे इतकं सरळ नाही हो. गॅडोलिनियम मिसळलेल्या सेरियम ऑक्साइडवर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर टाकला, तर ४६४ प्रति सेंमीच्या आसपासचं मुख्य शिखर उंच दिसतं आणि हा पट्टा जेमतेम. ३२५ नॅनोमीटरच्या अतिनील लेसरखाली मात्र तोच पट्टा डोकं वर काढतो. नमुना तोच, रिकाम्या जागा तेवढ्याच! शिवाय अतिनील प्रकाश हा पदार्थ शोषून घेतो, म्हणजे कळतं ते मुख्यतः पृष्ठभागाजवळचं. वेगवेगळ्या लेसरवरचे आकडे कृपा करून एकाच तक्त्यात शेजारी मांडू नका.