‘गंजला म्हणजे मेला’ आणि तोफगोळ्यांविषयीच्या इतर थापा

पहिल्या महायुद्धातले तोफगोळ्यांचे तुकडे जमवणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: तुकड्याची वक्रता मोजा, तोफ कळेल, शिक्क्यावरचं साल वाचा, लढाई कळेल, आणि शंभर वर्षांच्या गंजाखालचं स्फोटक कधीच मेलेलं असतं, तेव्हा बिनधास्त उचला. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे, दुसरं चूक आणि तिसरं जिवावर बेतणारं.

वक्रतेपासून सुरुवात करू. वक्रतेवरून गोळ्याचा व्यास काढायचं सूत्र बरोबरच आहे, पण तुकडा सूत्र पाळत नाही. समजा, तुकड्याच्या बाहेरच्या वक्र कडेची जीवा (दोन टोकांमधलं सरळ अंतर) ४० मि.मी. आणि मधला फुगवटा ५ मि.मी. भरला. व्यास येतो ८५ मि.मी., म्हणजे जवळजवळ ब्रिटिश १८-पौंडी तोफ (८४ मि.मी.). फुगवटा ५.५ धरा, व्यास थेट ७८वर उतरतो आणि तोफ होते जर्मन ७७ मि.मी.ची! अर्ध्या मिलिमीटरच्या गंजाने सैन्यच बदललं. शिवाय स्फोटात पोलाद वाकतं ते वेगळंच. त्यापेक्षा तांब्याच्या ड्रायव्हिंग बँडचा (गोळ्याभोवती बसवलेल्या पट्ट्याचा) तुकडा सापडला तर तो जपा. त्याची रुंदी आणि घडण जास्त बोलतात, आणि त्यावर तोफेच्या नळीतल्या खाचांचे तिरके ठसे असतील तर गोळा डागला गेला होता हे नक्की. तारेच्या ब्रशने घासून ते ठसे घालवू नका म्हणजे झालं.

शिक्क्याचं साल उत्पादनाचं असतं. १९१५चा फ्यूज (गोळा फोडणारी कळ) १९१७ला डागला गेला असू शकतो. लढाई ठरते ती तुकडा कुठे सापडला यावरून, आणि नेमकी तीच नोंद बहुतेक जण ठेवत नाहीत.

आता गंज. तो कवचाला लागतो, आतल्या मालाला नाही. टीएनटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. लिडाइट हे गोळ्यांतलं दुसरं स्फोटक म्हणजे पिक्रिक आम्ल. त्याची धातूंशी होणारी संयुगं, विशेषतः शिशाचं पिक्रेट, मूळ स्फोटकापेक्षा जास्त नाजूक असतात. मस्टर्ड गॅसचे (विषारी रसायनाचे) गोळे गंजून गळायला लागले की उलट धोका वाढतो. आणि ‘डागूनही फुटला नाही, म्हणजे फुसका’ हा तर उफराटा तर्क झाला: डागलेल्या गोळ्याचा फ्यूज सज्ज होऊन मध्येच अडकलेला असू शकतो. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईआधीच्या आठवड्याभरात, जून १९१६ अखेर, ब्रिटिशांनी सुमारे १५ लाख गोळे डागले. त्यातले कितीतरी न फुटता मातीत रुतले, ते आजही नांगराला लागतात. २०१४च्या मार्चमध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे बांधकामाच्या जागी असाच जुना गोळा फुटून दोन कामगार गेले. बेल्जियमच्या सैन्याचं पथक पुलकापेल्ले इथे हे गोळे अजूनही निकामी करत बसलंय, ते काय हौसेने?

सुटा पितळी फ्यूजसुद्धा ‘नुसता तुकडा’ समजू नका. आत डिटोनेटर (स्फोट सुरू करणारा भाग) शाबूत असू शकतो. दातेरी कडांचा, आरपार फाटलेला पोलादी पत्रा ही एक गोष्ट. बंद तोंडाची, वजनाला जड लागणारी कुठलीही वस्तू ही दुसरी. दुसरीला हात न लावता जागा लक्षात ठेवायची आणि पोलिसांना कळवायचं. फ्रान्समध्ये तर ऐतिहासिक वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर फिरवायचा म्हटलं तरी आधी सरकारी परवानगी लागते. त्या मजकुरात याचा उल्लेखही नाही.