बाजाराचं पाठ केलेलं चित्र

शाळेतल्या मुलांच्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो. पाहिलेलं आठवून काढायचं, म्हणून स्मरणचित्र. पण मुलं गाईडमधला 'आठवडी बाजार' वीस-वीस वेळा गिरवून पाठ करतात. डावीकडे छत्रीखाली भाजीवाली, उजवीकडे पाठमोरा पिशवीवाला, मागे झाड. कित्येक वर्षं मीही हेच करून घेतलं. ए ग्रेड यायच्या, पालक खूश.

सातवीतल्या एका मुलीची आई खरंच बाजारात भाजी विकायला बसते. तिनेही तोच गाईडचा बाजार काढला. मी विचारलं, "तुझी आई अशी बसते का गं?"

"नाही बाई. आम्ही खाली गोणपाटावर बसतो. तिथनं नुसते लोकांचे पायच दिसतात."

"मग पायच काढ की."

तिने पाय काढले. झिजलेल्या चपला, चिखलाचे घोटे, एक पैंजण. गोणपाट काही जमेना. खूप रेघा मारून झाल्यावर तिने गोणपाटाचा तुकडाच रंगात बुडवून कागदावर दाबला. नुसता डाग उठला. मी एवढंच म्हटलं, "पाणी कमी कर." चौथ्या ठशाला विणीचा धागा न् धागा उमटला. छापचित्र हा शब्द मी तिला त्यानंतर सांगितला.

'मुलांना मोकळं सोडा' म्हणजे कागद वाटून बाईंनी वह्या तपासत बसणं नव्हे. मूल नेमकं कुठे अडलंय हे बघत जवळ उभं राहावं लागतं, आणि उत्तर येत असूनही तोंड मिटून ठेवावं लागतं. हेच फार अवघड.

इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे 1950 साली बडोद्याच्या कला विद्याशाखेत शिकवायला गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेले ज्योती भट्ट छापचित्रांकडे आणि फोटोग्राफीकडे वळले, गुलाममोहम्मद शेख चित्रांतून गोष्टी सांगू लागले, जी. आर. संतोष तांत्रिक साधनेतल्या आकृत्यांत रमले. तिघांची चित्रं शेजारी ठेवा, गुरू एकच होता हे ओळखू येणार नाही. शिक्षकाची याहून मोठी कमाई मला माहीत नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या मुलीने विचारलं, "बाई, उद्या पाय काढू का?" मी म्हटलं, "नको, पाठ केलेलंच काढ." तिची ग्रेड जाईल अशी भीती वाटली मला. ते अजून सलतं.

आता गाईड वर्गात आणू देत नाही. जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात मुलांना घेऊन बाजारात जाते, आणि तासभर कुणी पेन्सिल काढायची नाही.