तलावपाळीच्या कट्ट्यावर मूठभर जव

रविवारी रात्री साडेनऊ वाजता ठाण्यात तलावपाळीला आम्ही चौघं भेटतो. परवाचा वाद माझ्या एका वाक्यावरून पेटला. "मला बिअरची आवड लागलीये," मी म्हणालो.

मन्या लगेच सरसावला. "मग शनिवारी बसू या की! स्ट्राँग तुझी, चकणा माझा."

"तसली आवड नाही रे."

"मग कसली? लोक बिअर पितात कशाला? चढायला. चव बघायची तर उसाचा रस आहे समोर."

मग मी त्यांना पुण्याचा किस्सा सांगितला. गेल्या पावसाळ्यात मावसभावाच्या साखरपुड्याला गेलो होतो. संध्याकाळी सगळी पोरं एका मायक्रोब्रुअरीत गेली. माझ्यासमोर गव्हाची बिअर आली, गढूळ, पिवळसर. पहिल्याच घोटाला पिकलेल्या केळ्याचा वास आला आणि त्याच्या मागून लवंगेचा. मला वाटलं, कुणीतरी केळं कुस्करून घातलंय. वेटरला विचारलं, तर त्यानं बिअर बनवणाऱ्यालाच बाहेर बोलावलं. तो म्हणाला, केळं नाही, लवंग नाही. पाणी, जव, गहू, हॉप्स म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, आणि यीस्ट म्हणजे आंबवणारे सूक्ष्मजीव, बस्स. पंधरा वर्षं बिअर पितोय मी, पण ग्लासात नाक घालून वास कधी घेतला नव्हता. त्या रात्री झोप लागेना, आणि ती नशेनं नव्हे.

प्रसाद वागळे इस्टेटमध्ये फ्लेवरच्या कारखान्यात केमिस्ट आहे. तो म्हणाला, "फसवलं तुला. आयसोअमाइल ॲसिटेट आहे ते, केळ्याच्या वासाचं रसायन. आइस्क्रीमवाल्यांसाठी आम्ही रोज भरतो. दोन थेंब टाकले असतील."

"पदार्थ तोच, पण टाकलेला नाही. यीस्ट स्वतः तयार करतं. पिकताना केळंही तेच करतं ना?"

प्रसाद गप्प झाला. गप्प झाला म्हणजे पटलं, हे आम्हाला कॉलेजपासून माहीत आहे. मग त्यानंच खोदून विचारायला सुरुवात केली. मी सांगितलं, जवा-गव्हाचा तोच गोड काढा दोन पिंपांत घ्या. एकात गव्हाच्या बिअरचं यीस्ट घाला आणि 20 अंशांच्या आसपास आंबू द्या, केळं येईल. दुसऱ्यात लागरचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या पिवळ्या बिअरचं यीस्ट घाला, 10 अंशांच्या आसपास सावकाश आंबू द्या, चव स्वच्छ येईल, केळ्याचा मागमूस नाही. बव्हेरियात 1516 साली कायदा झाला की बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स एवढंच घालायचं. त्यात यीस्टचं नाव नाही. यीस्ट हा जीव आहे आणि तोच आंबवतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. 1883 साली कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि कंपनीनं ते इतर ब्रुअरींनाही देऊन टाकलं. मला हे वाचून भरून आलं होतं. इतकी मोलाची गोष्ट हातात आल्यावर मुठीत न ठेवणारी माणसं मला फार आवडतात.

"आणि ती बर्फासारखी चिल्ड पिऊ नको, मन्या," मी म्हणालो. "जीभ बधिर होते, मग चव कुठून कळणार?"

"कडूच लागते ती. बधिर झालेली बरी."

"कारल्याची भाजी लहानपणी आवडायची तुला? आता डब्यात तीच आणतोस ना?"

इतका वेळ सुधीर तळ्याकडे बघत बसला होता. तो घेत नाही. त्याच्या घरी काय झालं ते आम्हा तिघांना माहीत आहे. तो हळूच म्हणाला, "आवड म्हणू नकोस रे. आमचे बाबाही आवडच म्हणायचे."

कुणी बोलेना. मग मन्यानं सावरून घ्यायला म्हटलं, "अरे, बिअर म्हणजे काय दारू आहे? आपल्याकडे बिअरला वय 21 लागतं, दारूला 25. सरकारच फरक करतं."

"फरक वयाचा आहे," सुधीर म्हणाला. "अल्कोहोल दोन्हींत आहे."

इथे मी सुधीरच्या बाजूनं बोललो आणि मनापासून बोललो. बिअर दारूच आहे. ती साधी-सोज्वळ आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण पुण्याहून आल्यापासून मी पितो कमी. महिन्यातून दोनदा, एकच ग्लास, आणि त्यालाही तास लागतो. उरलेला वेळ वाचण्यात आणि वहीत टिपणं करण्यात जातो. वही दाखवली मी त्याला. त्यानं दोन पानं उलटली आणि परत दिली. "एका ग्लासावर राहशील?" त्यानं विचारलं. "राहीन" म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, "सुटायला लागलो की तू सांग."

मग खिशातली पुडी काढली. त्या ब्रुअरनं मूठभर माल्ट दिलं होतं, म्हणजे मोड आणून वाळवलेले, भाजलेले जव. तिघांच्या तळहातांवर थोडे थोडे ठेवले. यात अल्कोहोल नाही, हे सुधीरला आधी सांगितलं.

त्यानं चार दाणे चावले. बराच वेळ चघळत राहिला.

"हे तर नाचणीसत्त्व," तो म्हणाला. "आई ताईच्या बाळासाठी करायची. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून दळायची. अशीच गोडसर."

"काम तेच आहे," मी म्हणालो. "मोड आले की दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि पिठूळपणाची साखर होते. बाळाला पचतं ते त्यामुळेच. पुढे यीस्ट तीच साखर खातं."

प्रसाद एन्झाइमांवर बोलायला लागला, मन्यानं घड्याळ बघितलं. पावणेअकरा झाले होते. सुधीरनं पुडी माझ्या हातातून घेतली, अजून चिमूटभर दाणे काढले आणि रुमालात बांधले.

"आईला दाखवतो," तो म्हणाला.